मनू, तुझी प्रेसनोट वाचली

मनू,

रविवारी फोन आपटलास त्यावर मी काही बोलणार नाही. "आई, हल्ली ऱ्हस्व-दीर्घ कोण बघतं" हे मात्र डोक्यातून जातच नाहीये, आणि फोनवर तू मला पुरतं बोलू देत नाहीस म्हणून लिहितेय.

ती हॉस्पिटलवाली नोट आधी बाबांनी पाहिली. शेवटी 'संपर्कासाठी'च्या खाली तुझं नाव आणि मोबाईल नंबर, ते बघून इतके खूश झाले की तेवढाच भाग कापून नंदामावशी, बंडूकाका, सगळ्यांना पाठवला. मलाही आनंद झालाच गं. पण माझी नजर तिथेच अडकली. काही चुकलं तर फोन तुझ्या साहेबांना नाही जाणार, तुला येणार.

नोटमध्ये 'उद्धाटन' पडलंय. द ला घ जोडायचा, उद्घाटन. 'कर्मचार्यांना' आलंय ते कर्मचाऱ्यांना हवं, टाईप करताना हा र नीट बघत जा, नाहीतर आचाऱ्यांचे आचार्य होतात. 'अध्यक्षानी'वर अनुस्वार नाही, आणि आपल्याकडे मान त्या टिंबात असतो, ते गेलं की माणसाला एकेरीत हाक मारल्यासारखं होतं. 'कंपनी ने', 'रुग्णां साठी' हे तोडून लिहिलेलं हिंदी ड्राफ्टवरून आलंय ना? मराठीत प्रत्यय शब्दाला चिकटूनच. वाक्याच्या शेवटी उभा दंडही तिकडूनच आला असणार, आपला पूर्णविराम टिंबाचा.

आणि 'गरजू रुग्ण व डॉक्टरांच्या उपस्थितीत' हे वाक्य मोठ्याने वाच बघू. डॉक्टरही गरजू झाले! 'डॉक्टर व गरजू रुग्ण यांच्या उपस्थितीत' केलं की झालं.

ऱ्हस्व-दीर्घाचं म्हणशील तर मराठी साहित्य महामंडळाचे नियम आहेत, शासनाने १९६२ ला १४ मान्य केले, १९७२ ला आणखी ४, सगळे मिळून अठरा. शेवटचा इकार-उकार दीर्घ म्हणून भूमी, कृषी, प्रसिद्धी, पण हे मूळचे संस्कृत ऱ्हस्व शब्द, समासात पहिले आले की पुन्हा ऱ्हस्व होतात, भूमिपूजन, कृषिमंत्री, प्रसिद्धिपत्रक. तू रोज प्रसिद्धिपत्रकं लिहितेस आणि तोच शब्द चुकतेस, हे बरं दिसत नाही. पूल पण पुलाचं, वकील पण वकिलांना, हे तर तू चौथीत घडाघडा म्हणायचीस.

झालं, लेक्चर सुरू झालं. सॉरी. पण खाली तुझं नाव आहे म्हणून.

मी पेपरात असताना, तेव्हा मी पुरवण्यांचं प्रूफ बघायचे, एका संस्थेकडून देणगीदारांची यादी आली होती. एका नावापुढे 'श्री.'च्या जागी 'कै.' होतं आणि तसंच छापलं गेलं. दुसऱ्या दिवशी ते आजोबा स्वतः ऑफिसात आले, काठी टेकत, पेपरची घडी हातात. ओरडले नाहीत. "सकाळपासून लोक हार घेऊन येतायत" एवढंच म्हणाले. नोट पाठवणाऱ्या मुलाला बोलावून घेतलं, त्याने जुन्या यादीवरून नवी केली होती. तुझ्याच वयाचा असेल. किती वेळ जिन्यात बसून होता, मी चहा नेऊन दिला तर कप हातात धरूनच बसला. तुझा नंबर वाचला आणि पहिला तोच मुलगा आठवला बघ.

म्हणून सांगते, आधी नावं बघ, श्री., सौ., डॉ., कै. एकेक बोट ठेवून. मग आकडे, इंग्रजी नोटमधले १० मिलियन म्हणजे १ कोटी. मग तारीख आणि वार जुळतायत का ते. आणि रात्री एकला पाठवू नकोस, तुझा मेल १ वाजून १० मिनिटांचा होता, त्या वेळेला कोणालाही टिंब दिसत नाही. ऑफिसातून एवढ्या उशिरा घरी कशी जातेस हे विचारणार नव्हते, पण कशी जातेस?

एक खरं सांगू, पहिला पॅरा फार छान जमलाय. कोण, कुठे, कधी, सगळं दोन ओळीत, डेस्कवरच्या माणसाला काही कापायला नको. बाबांनाही तसं म्हटलं.

मंगळवारची नोट मला पाठव, पहाटे उठतेच मी, तू उठायच्या आत बघून देते. शुक्रवारी दुपारी फोन करू नकोस, बाबांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यायचंय.

आई