निवड दिलीत, पण शेजारी बसून सांगणारा माणूस दिला नाहीत

प्रति,
मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई.

विषय: ग्रामीण विदर्भातील पदवी महाविद्यालयांत प्रत्येक विद्यार्थ्यामागे जबाबदार शैक्षणिक सल्लागार नेमण्याबाबत.

महोदय,

सविनय नमस्कार. आपल्या कामाच्या व्यापाची कल्पना आहे, तरीही हे पत्र वाचायला दहा मिनिटं काढावीत, ही विनंती.

गेल्या आठवड्यात यवतमाळ जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात परीक्षा अर्ज भरायचा शेवटचा दिवस होता. कार्यालयाच्या खिडकीसमोर काही मुली रडत उभ्या होत्या. त्यांचा मेजर, म्हणजे मुख्य विषय, राज्यशास्त्र. पहिल्या सत्रात त्यांनी ओपन इलेक्टिव्हच्या, म्हणजे खुल्या निवडीच्या विषयाच्या, रकान्यात समाजशास्त्राचा पेपर भरला होता. तीस तासिका बसल्या, परीक्षा दिली, पास झाल्या. आता छाननीत निघालं, की ओपन इलेक्टिव्ह हा मेजरच्या विद्याशाखेबाहेरचाच असावा लागतो, आणि समाजशास्त्र तर राज्यशास्त्राच्याच शाखेतलं. त्यामुळे त्या पेपरचे दोन क्रेडिट, म्हणजे श्रेयांक, धरले जाणार नाहीत.

नियम चुकीचा नाही. तो आपल्या शासन निर्णयात स्पष्ट लिहिलेला आहे. पण प्रवेशाच्या दिवशी त्या मुलींसमोर तो कोणी वाचला? अर्ज भरून दिला नेट कॅफेवाल्यानं, बाबूंनी शिक्का मारला आणि संगणकानंही तो निमूट स्वीकारला. तीन ठिकाणांहून चूक पुढे गेली आणि शिक्षा मात्र एकट्या विद्यार्थिनीला झाली.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मधला परिच्छेद १२.४ आपण पुन्हा एकदा काढून पाहावा. सामाजिक-आर्थिकदृष्ट्या मागास घरांतल्या मुलांना उच्च शिक्षणात रुळण्यासाठी आधार लागतो, त्यासाठी महाविद्यालयांनी दर्जेदार साहाय्य केंद्रं उभारावीत, त्यांना पुरेसा निधी दिला जाईल आणि सर्व विद्यार्थ्यांना व्यावसायिक शैक्षणिक व करिअर समुपदेशन मिळेल, असं वचन तिथे आहे. संलग्न महाविद्यालयांत हे धोरण २०२४-२५ पासून लागू झालं. अभ्यासक्रम आला, क्रेडिट आले, बास्केट म्हणजे निवडीच्या विषयांच्या याद्या आल्या. फक्त हा परिच्छेद कागदावरच राहिला.

या मुलांना नेमकं काय निवडावं लागतं, ते पाहा. तीन वर्षांच्या पदवीला १२० ते १३२ क्रेडिट, म्हणजे सत्राला २० ते २२. ते मेजर, मायनर (दुय्यम विषय), ओपन इलेक्टिव्ह, व्होकेशनल स्किल, स्किल एनहान्समेंट, भाषा, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञानप्रणाली, क्षेत्रप्रकल्प, ऑन जॉब ट्रेनिंग, सहशालेय उपक्रम अशा खान्यांत वाटलेले. एका खान्यात जास्त झालेले क्रेडिट दुसऱ्या खान्यातली कमतरता भरून काढत नाहीत. गावाकडच्या मुलांना आणि त्यांच्या आईबापांना हेच समजत नाही. बेरीज १२० झाली तरी एक खाना दोननं रिकामा असेल, तर पदवी अडते. व्होकेशनल स्किलचा पेपर मेजर किंवा मायनरशी जुळणारा लागतो. म्हणजे मेजर बदलला की तोही तपासावा लागतो. "हे काहून घेतलं?" असं एखाद्या मुलाला विचारा. उत्तर ठरलेलं आहे: "दोस्तानं भरलं म्हणून."

त्यातही आमच्याकडची बरीच महाविद्यालयं एकाच विद्याशाखेची आहेत. फक्त कला. वाणिज्य आणि विज्ञानाचा शिक्षकच नाही, तर शाखेबाहेरचा पेपर शिकवणार कोण? विद्यापीठाच्या बास्केटमध्ये लांबलचक यादी असते आणि महाविद्यालयात एखादाच पेपर चालतो, तोही कला शाखेचाच शिक्षक रात्री वाचून सकाळी शिकवतो. याला निवड म्हणू नका.

खरी गफलत दुसऱ्या वर्षाच्या तोंडाशी होते. जिथे पहिल्या वर्षी तीन विषय सारखे असतात आणि पुढे त्यांतला एक मेजर, एक मायनर होतो, तिथे तिसरा विषय सुटतो. जुन्या बी.एस्सी.त भौतिक, रसायन, गणित तिन्ही शेवटपर्यंत सोबत असायचे आणि एम.एस्सी.साठी तिन्ही दारं उघडी असायची. आता एक दार एकोणिसाव्या वर्षी बंद होतं आणि ते बंद करणारी सही कधी कधी वर्गमित्राच्या मोबाइलवरून होते. त्या क्षणी कोणीतरी समोर बसून चार गोष्टी विचारायला हव्यात. पुढे काय करायचं आहे? बी.एड. करायचं असेल, तर शाळेत शिकवला जाणारा विषय मेजर किंवा मायनरमध्ये आहे का, आणि पन्नास टक्क्यांची अट लक्षात आहे का? पदव्युत्तर शिक्षण मायनरच्या विषयात करायचं असेल, तर विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) जून २०२४ च्या आराखड्यानं मेजर आणि मायनर या दोन्हींपैकी कोणत्याही विषयात मुभा दिली आहे. पण ज्या विद्यापीठात जायचं त्याच्या प्रवेश नियमांत ती उतरली आहे का? चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स हवं असेल, तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के लागतात. हे सहाव्या सत्रात कळून काय उपयोग? ते पहिल्या सत्रात सांगावं लागतं.

आता शिक्षण सोडणाऱ्यांचं पाहा. पहिल्या वर्षानंतर बाहेर पडलं तरी प्रमाणपत्र मिळतं, असं आपण व्यासपीठांवरून सांगता. ते ४० ते ४४ क्रेडिटवर मिळत नाही. त्यावर आणखी ४ क्रेडिटचा कौशल्य अभ्यासक्रम किंवा इंटर्नशिप लागते. उन्हाळ्यात आमची महाविद्यालयं बंद असतात, तालुक्यात असा अभ्यासक्रम नसतो, जिनिंगचा हंगाम तोवर उलटलेला असतो. गडचिरोलीत तर मे महिन्यात घरच्या घरं तेंदूपत्त्याला जातात. मुलगा पुण्याला कंपनीत जातो आणि जाताना टीसी घेऊन जातो. टीसी काढण्याआधी त्याला कोणी सांगत नाही, की बाबा, तीन वर्षांच्या आत परत येता येतं, सात वर्षांत पदवी पूर्ण करता येते, तुझे क्रेडिट तोवर जमा राहतात. म्हणून टीसीच्या अर्जावर सल्लागाराच्या सहीचा एक रकाना हवा. त्या एका सहीसाठी दहा मिनिटं बोलणं झालं, तरी काही मुलं परत येतील.

ते क्रेडिट जमा राहण्याचंही सांगतो. क्रेडिट ज्यात साठतात, ते अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचं खातं आधारवरून उघडतं. आमच्या दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर बहुतेकदा नाव आधी. कुठे वडिलांचं नाव गाळलेलं, कुठे मुलीचं लग्नानंतरचं आडनाव. आधारला जोडलेला मोबाइल बापाचा आणि तो क्रमांक कधीच बंद पडलेला, त्यामुळे ओटीपी येत नाही. मग कोणीतरी घाईत दुसऱ्या क्रमांकावरून नवीन खातं उघडायला जातं आणि गुंता वाढतो. यावर उपाय साधा आहे: प्रवेशाच्या महिन्यातच गुणपत्रिका आणि आधार शेजारी ठेवून नाव अक्षरन् अक्षर जुळवायचं, फरक असेल तर आधी आधार दुरुस्त करायचा, मगच आयडी काढायचा. पण हे काम कोणाचं, असं कुठल्या परिपत्रकात लिहिलेलं आहे?

तुम्ही म्हणाल, मेंटर आहेत की. हो, आहेत. महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या फाइलमध्ये प्रत्येक महाविद्यालयाचं मेंटर-विद्यार्थी गुणोत्तर आहे. यादी टाइप केलेली आहे, बैठकांच्या तारखा आहेत, सह्या आहेत. समिती आली की फाइल निघते, समिती गेली की कपाटात जाते. मेंटरला प्रशिक्षण मिळत नाही, त्याच्या कार्यभारात एक मिनिटही धरलं जात नाही आणि चुकीच्या निवडीची जबाबदारी त्याच्यावर येत नाही. ज्या कामाला वेळ दिलेला नाही, ते काम झालं असं लिहून घेणं ही शासनानं शिक्षकांना लावलेली खोटेपणाची सवय आहे.

"वेळ कुठून आणायचा?" हा प्रश्न येणारच, म्हणून हिशोब मांडतो. एका सल्लागाराकडे ४० विद्यार्थी. प्रत्येकाशी सत्रात दोन बैठका, एक विषयनोंदणीच्या आधी आणि एक परीक्षा अर्जाच्या आधी. प्रत्येकी २० मिनिटं. एकूण १,६०० मिनिटं, म्हणजे २६ तास ४० मिनिटं. दोन क्रेडिटच्या एका थिअरी पेपरला सत्रात ३० तास लागतात. म्हणजे ४० मुलांचं अख्खं सत्र मार्गी लावायला एका छोट्या पेपरपेक्षाही कमी वेळ पुरतो. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांनुसार सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास अध्यापन आहे. त्यातले दोन तास सल्ल्याचे धरा. एवढंच.

पण ते धरायचे कोणाचे? मंजूर पदांवर माणसं कुठे आहेत? विभागच्या विभाग घड्याळी तासिकेवर चालले आहेत. तासिकेवरच्या शिक्षकाला शिकवलेल्या तासाचे पैसे मिळतात. मुलासमोर बसून क्रेडिट मोजले तर एक रुपयाही नाही. तो पुढच्या जूनमध्ये असेल की नाही, हे त्यालाच ठाऊक नसतं. मग पहिल्या वर्षी ज्यानं मायनर निवडून दिला, तो तिसऱ्या वर्षी विचारायला कसा सापडेल? मोठ्या शहरातल्या मुलाचा काका प्राध्यापक असतो, शेजारी पीएच.डी. करणारी ताई असते. धारणीच्या कोरकू मुलीला, एटापल्लीच्या माडिया मुलाला सल्ला देणारा घरात कोणी नाही. पदवीपर्यंत पोचणारी घरातली ती पहिलीच. प्रवेशाचा काळ म्हणजे पेरणीचा काळ. त्याच दिवसांत पर्लकोटा नदीला पूर येतो, भामरागडचा रस्ता तुटतो आणि तुमच्या पोर्टलची मुदत संपते.

विदर्भाला वचनं नवी नाहीत. १९५३ च्या नागपूर करारात लोकसंख्येच्या प्रमाणात निधी, नोकऱ्या आणि व्यावसायिक शिक्षणातल्या प्रवेशांचा वाटा लिहून दिला होता. १९८३ मध्ये दांडेकर समितीला अनुशेष मोजायला बसावं लागलं. रस्ते, सिंचन, वीज यांचा अनुशेष निदान मोजता तरी येतो. आमच्या मुलांना वेळेवर न मिळालेल्या माहितीचा अनुशेष कोणत्याच समितीनं मोजलेला नाही, आणि तो आता क्रेडिटच्या रूपानं निकालावर दिसू लागला आहे. मुंबईत बसून केलेला आराखडा आमच्या तालुक्यात येईपर्यंत त्यातली सोय गळून जाते आणि अट तेवढी उरते. हे किती वर्षं चालवायचं?

म्हणून मागतो ते लेखी द्या. ज्या विद्यार्थ्यांनी शाखेतलाच ओपन इलेक्टिव्ह घेतला आणि विद्यापीठाच्या प्रणालीनं तो स्वीकारला, त्यांना एकवेळ सूट द्या किंवा विनाशुल्क उन्हाळी सत्रात तो पेपर भरून काढू द्या. त्यांचं वर्ष वाया घालवू नका. विद्यापीठांच्या प्रणालीत अट घाला, की मेजरच्या शाखेतला पेपर त्या रकान्यात निवडताच येणार नाही. हे काम संगणकाचं आहे, ते अठरा वर्षांच्या मुलीवर टाकू नका. सल्लागाराच्या सहीशिवाय विषयनोंदणी पक्की होऊ नये आणि नोंदणीनंतर बदलासाठी १५ दिवस असावेत. प्रत्येक निकालासोबत एक पान मराठीत द्या: कोणत्या खान्यात किती क्रेडिट झाले, किती उरले. सल्ल्याचे तास कार्यभारात धरा आणि तासिकेवरच्या शिक्षकांना त्याचं मानधन द्या. एकशाखीय महाविद्यालयांना शेजारच्या महाविद्यालयाशी मिळून ओपन इलेक्टिव्ह चालवू द्या. मात्र एसटीच्या वेळा पाहून वेळापत्रक लावा. शेवटची गाडी साडेपाचला असेल, तर पाचचा तास मुलींसाठी नाहीच.

हिवाळी अधिवेशनाला तुम्ही नागपूरला येताच. त्यातला एक दिवस काढा आणि एखाद्या तालुक्याच्या महाविद्यालयात, परीक्षा अर्ज भरायच्या खिडकीशेजारी बसा. सत्कार नको, शाल-श्रीफळ नको. येणाऱ्या प्रत्येक मुलाचा अर्ज हातात घ्या आणि त्याला विचारा, हे विषय तुला कोणी सांगितले.

त्या मुलींचा अर्ज अजून अडकलेला आहे. विलंब शुल्कासह मुदत आठ दिवसांची आहे. त्याआधी आदेश निघावा.

आपला,
एक सहायक प्राध्यापक,
जिल्हा यवतमाळ