मन्या, एक शिक्का वाढवलाय

प्रिय मन्या,

सात महिने उत्तर नाही, शिव्या घालायच्या असतील तर आधी घालून घे. गुडघा बरा आहे. पुढे.

आज वाचनालयात निर्लेखनाची, म्हणजे काढून टाकायच्या पुस्तकांची, यादी करताना ते हातात आलं. ज्याच्यावरून आपण तीन आठवडे बोललो नव्हतो, तेच खगोलशास्त्राचं पुस्तक. मागच्या चिठ्ठीवर ४१ शिक्के, शेजारी कधी तुझा नंबर, कधी माझा. (उशीर तूच केला होतास. तारीख आहे, नाकारू नकोस.) त्याच्यापुढे 'काढून टाका' अशी खूण मीच केली.

दोन कपाटं हलवून संगणक येणार आहेत आणि बैठकीत मी त्यांच्याच बाजूने बोललो. तू सारखा ग्रंथालयशास्त्रवाल्या रंगनाथनांचा १९३१ चा पाचवा नियम घोकायचास ना, ग्रंथालय हा वाढता जीव आहे म्हणून? वाढत्या जीवाची नखंही कापावी लागतात, असं म्हणालो. लोक हसले. आता तेच टोचतंय.

पण चुकीचं बोललो असंही वाटत नाही रे. परवा एक आजोबा आले. पुस्तक नको होतं, फॉर्म भरायचा होता. ओटीपी आला, तो त्यांनी खणखणीत आवाजात वाचून दाखवला. "हळू, आजोबा" म्हणेपर्यंत अख्ख्या वाचनकक्षाला पाठ झाला. ते दुसरीकडे कुठे जाणार होते? हल्ली मला पुस्तकांच्या नावांपेक्षा लोकांचे पासवर्ड जास्त ठाऊक आहेत.

ई-पुस्तकं घेऊ म्हणतात. जागा लागत नाही, वाळवी लागत नाही, कबूल. पण ग्रंथालयाला ती बहुतेकदा विकत मिळतच नाहीत, परवाना मिळतो. हार्परकॉलिन्स या प्रकाशकाने २०११ मध्ये ठरवलं, ई-पुस्तकाची एक प्रत २६ वेळा दिली की संपली, पुन्हा पैसे भरा. त्या हिशेबाने आपलं पुस्तक तुझ्या त्या उशिराच्या आधीच मेलं असतं. भांडणही वाचलं असतं म्हणा!

तू नोकरी सोडलीस हे कळलं. शहाणपणा की वेडेपणा ते भेटल्यावर ठरवू. धाकटीचा निकाल कळव.

हां, यादीत जायचा निकष असा की दहा वर्षांत पुस्तक कुणी नेलेलं नसावं. संध्याकाळी देवघेवीच्या खिडकीशी गेलो, ते माझ्या नावावर लिहिलं आणि शिक्का मारून घेतला. ४२. खूण खोडली. तुझं सभासदत्व चालू आहे का बघतो, पुढच्या वेळी तू ने.

तुझा,
बंड्या