चार्जिंग स्टेशनच्या पाटीवर गन कुठली ते लिहा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात माझा मावसभाऊ रात्री साडेनऊला आळेफाट्याजवळ गाडी घेऊन अडकला. सोबत मावशी आणि वहिनी. गाडी बंद पडली नव्हती, बॅटरी १४ टक्के होती आणि समोरच चार्जिंग स्टेशन होतं, लाईट होती, माणूसही होता, फक्त तिथली गन, म्हणजे चार्जरच्या केबलच्या टोकाचा प्लग, ह्याच्या गाडीत बसेना. त्याआधी नारायणगावच्या बाजूला एका पंपावर हाच प्रकार झालेला, पण त्याला वाटलं तिथली गन खराब असेल म्हणून तो पुढे आला. आळेफाट्यालाही तेच झालं तेव्हा घाबरून मला फोन केला, की दादा मॅपवर चार्जिंग स्टेशन दाखवतंय, मी स्टेशनवरच उभा आहे, आणि चार्जिंग होत नाही.

त्याने ही गाडी सेकंडहँड घेतली होती, आधी टॅक्सीत चाललेली जुनी इलेक्ट्रिक सेदान. विकणाऱ्याने सांगितलं होतं की साहेब, आता हायवेला जागोजागी चार्जर झालेत, कुठेही लावा. हे "कुठेही लावा" ऐकूनच लोक फसतात, म्हणून हे पत्र लिहितोय. मी स्वतः वायरमनचं काम २६ वर्षं केलंय आणि दोन वर्षांपासून इलेक्ट्रिक गाडी वापरतो, त्यामुळे जे माहीत आहे ते सांगतो.

आपल्याकडे २०१७-१८ च्या सुमारास ज्या इलेक्ट्रिक सेदान आल्या, सरकारी ऑफिसांना आणि टॅक्सीवाल्यांना गेल्या, म्हणजे ई-व्हेरिटो आणि सुरुवातीची टिगोर, त्यांची बॅटरी ७२ व्होल्टची होती. त्यांच्यासाठी भारत डीसी ००१ नावाचा १५ किलोवॅटचा चार्जर काढला होता आणि त्याला चीनमधल्या पद्धतीची जीबी/टी गन असते. ७२ व्होल्ट गुणिले २०० अँपिअर केलं की साडेचौदा किलोवॅटच्या आसपास येतं, म्हणून तो १५ चा. नंतर जानेवारी २०२० मध्ये नेक्सॉन आणि झेडएस ह्या इलेक्ट्रिक गाड्या आल्या त्या ३०० व्होल्टच्या वरच्या आणि त्यांना सीसीएस टू नावाची वेगळी गन, ती कशी ओळखायची ते खाली सांगतो. तेव्हापासून जवळजवळ सगळ्याच कंपन्या सीसीएस टू वर आल्या, नवीन स्टेशनंही त्याचीच लागतात, आणि जीबी/टी वाले चार्जर बंद पडले की कोणी दुरुस्त करत नाही.

लोक मला विचारतात की मग अ‍ॅडॅप्टर का नाही घ्यायचा, मोबाईलला मिळतो तसा. नाही चालणार. फक्त भोकांचा आकार वेगळा असता तर गोष्ट वेगळी होती, पण हायवेचे मोठे चार्जर दीडशे-दोनशे व्होल्टच्या खाली सहसा उतरतच नाहीत आणि ह्या गाडीला हवेत ७२. शिवाय गाडी आणि चार्जर आधी एकमेकांशी बोलतात, किती करंट पाहिजे, बॅटरी किती गरम आहे, ते बोलणं जुळल्याशिवाय चार्जर पॉवर सोडतच नाही, आणि ह्या दोन पद्धतींमधलं बोलणंच वेगळं आहे. कोणी जुगाड करून देतो म्हणाला तर कृपा करून नादी लागू नका.

आता नवीन गाडीवाल्यांसाठी. गाडीचं झाकण उघडलं की वर एक गोल दिसतो, त्यात सात भोकं, तो टाइप टू. दोन छोटी भोकं त्या बोलण्याची, बाकी पाच म्हणजे तीन फेज, न्यूट्रल आणि अर्थ. हे डिझाईन जर्मनीचं, तिथे घराघरात थ्री फेज येतो म्हणून तीन फेजची सोय, आणि अमेरिकेत घरी थ्री फेज नसतो म्हणून त्यांच्या जुन्या टाइप वन ला पाचच पिना. आपल्या शेतकऱ्याला हे वेगळं सांगायला नको, मोटरीला थ्री फेज आणि घराला सिंगल फेज हे आपण रोजच बघतो. ह्या सात भोकांच्या खाली आणखी दोन जाड भोकं असतील तर तो सीसीएस टू, आणि ती दोन भोकं डीसीची, म्हणजे फास्ट चार्जिंगची. एक सांगून ठेवतो, सीसीएस टू ची गन हातात घेतली की तिच्या वरच्या भागात बऱ्याच जागा रिकाम्या दिसतात, लोकांना वाटतं पिना तुटल्यात. तुटलेल्या नसतात, डीसीला त्या एसीच्या, म्हणजे घरी येते तशा विजेच्या, पिना लागतच नाहीत म्हणून बसवलेल्याच नसतात.

आणि खालची दोन भोकं प्रत्येक इलेक्ट्रिक गाडीला असतात असं अजिबात समजू नका. कॉमेट ही छोटी इलेक्ट्रिक कार २०२३ मध्ये आली ती फक्त एसीवर चार्ज होणारी, तिला हायवेवरचा ६० किलोवॅटचा डीसी चार्जर काही उपयोगाचा नाही. गाडी शहरातल्या शहरात चालवायची असेल तर त्यात काही वाईट नाही, रात्री घरी लावली की झालं, पण घेणाऱ्याला हे आधी सांगायला हवं ना.

आकड्यांचंही तसंच. घरच्या १५ अँपिअरच्या प्लगवर साधारण ३ किलोवॅट मिळतात, ३२ अँपिअरचा वॉलबॉक्स, म्हणजे भिंतीवरचा चार्जर, बसवला तर ७, आणि इथे गाडीच्या आतला चार्जर जेवढा घेईल तेवढंच. सोसायटीत २२ किलोवॅटचा एसी पॉइंट बसवला आणि गाडीतला चार्जर ७ चा असला तर ७ च मिळणार. डीसीमध्ये बाहेरचा चार्जर थेट बॅटरीला देतो म्हणून तिथे स्पीड मिळतो. तरी पाटीवर ६० लिहिलेल्या डबल गनच्या चार्जरवर शेजारी दुसरी गाडी लागली की बहुतेक ठिकाणी ३०-३० होतात, आणि ८० टक्क्यांच्या पुढे गाडी स्वतःच करंट कमी करते. मागे रांग असताना १०० टक्के करत बसू नका, तेवढ्या वेळात दुसऱ्याचं काम होतं.

अर्थिंगबद्दल तर वेगळं पत्र लिहावं लागेल. गाडीसोबत जी केबल येते तिच्यावर एक डबा असतो, तो अर्थिंग तपासतो आणि नीट नसेल तर लाल लाईट देऊन चार्जिंग चालूच करत नाही. मागच्या मे मध्ये माझ्या शेजाऱ्यांनी चार्जर खराब झाला म्हणून सर्व्हिस सेंटरला तीन फोन केले, मी जाऊन बघितलं तर अर्थिंगचा खड्डा उन्हाने कोरडा ठक्क पडलेला. दोन बादल्या पाणी ओतलं, तासाभराने चार्जिंग सुरू, नंतर मीठ-कोळसा भरून खड्डा नवीन केला. काही लोक ह्यावर उपाय म्हणून न्यूट्रल आणि अर्थ प्लगमध्येच जोडतात, हे जिवावरचं काम आहे, न्यूट्रल तुटला तर गाडीच्या पत्र्याला करंट येईल. तसंच घरातली साधी एक्स्टेंशन बोर्ड वापरू नका, आठ-दहा तास सतत १५ अँपिअर ओढायला ती बनवलेली नसते, वितळते.

मुद्द्यावर येतो. डिसेंबर २०१८ च्या केंद्राच्या नियमांत पब्लिक स्टेशनवर सगळ्या प्रकारच्या गन ठेवायच्या असं होतं, २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये ते बदलून कुठली गन ठेवायची हे चालवणाऱ्यावर सोडलं. ते मला पटतं, जी गन महिन्यातून एकदा लागते तीसुद्धा धरून सगळे प्रकार ठेवायचा खर्च कोण करणार. पण मग निदान कुठली ठेवलीय ते तरी लांबून दिसू द्या. आत्ता हिरवी पाटी, त्यावर विजेचं चित्र आणि इंग्रजीत ईव्ही चार्जिंग एवढंच असतं. माझी मागणी एवढीच आहे की पाटीवर मराठीत मोठ्या अक्षरात लिहा की सीसीएस टू आहे का टाइप टू का जीबी/टी, किती किलोवॅटचा आणि चालू गन किती. बंद असेल तर त्यावर कागद चिकटवा, दुसरं काही नको. स्कूटरवाल्यांसाठी पण लिहा, एथर आणि विडा एका गनवर चालतात, ती पद्धत ऑक्टोबर २०२३ मध्ये बीआयएसने, म्हणजे भारतीय मानक ब्युरोने, मान्य पण केली, पण बाकीच्यांचं वेगळं, आणि कॉलेजची मुलं कारच्या चार्जरजवळ स्कूटर ढकलत आणतात आणि परत नेतात, बघवत नाही. जुन्या गाड्या विकणाऱ्यांनी तर पावतीवरच गन कुठली ते लिहून द्यावं. आणि घेणाऱ्यांनी पैसे द्यायच्या आधी झाकण उघडून भोकं बघावीत, मोबाईलमध्ये फोटो काढावा आणि आपल्या रोजच्या रस्त्यावरच्या एका स्टेशनवर गाडी स्वतः लावून बघावी.

भावाचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. एका ढाबेवाल्याने मागच्या बाजूला फ्रीजरसाठी घेतलेला १५ अँपिअरचा पॉइंट दिला, अर्थिंग चांगलं होतं, मावशीला आत खाट टाकून दिली आणि सकाळी सहापर्यंत गाडी लावून ठेवली, पैसे विचारले तर फक्त युनिटचे घेतले. सकाळी चंदनापुरी घाट उतरून साडेआठला ते आमच्या घरी पोचले. त्या ढाबेवाल्याने आता भिंतीवर खडूने लिहिलंय, "गाडी चार्जिंग, १५ अँपिअर, अर्थिंग आहे".

आपला,
एक वाचक, संगमनेर