कोरम आणि सद्गुण

दापोली, 14 जून

प्रिय सुहास,

तुझा प्रश्न नेहमीसारखा आडवा: माणसंच धड नसतील तर चांगली राज्यघटना काय कामाची? अॅरिस्टॉटलचं उत्तर तुला ठाऊक आहे. घरं बांधून माणूस गवंडी होतो, तसा न्यायाने वागून न्यायी होतो. मग ही सवय लागते कुठे, एवढंच बघायचं. आपल्याकडे जागा दोन, गावकी म्हणजे गावाची परंपरेने चालत आलेली बैठक, आणि कायद्याने भरणारी ग्रामसभा.

पाखाडी, म्हणजे दगडी पायवाट, दुरुस्त करायची असो की पावसाआधी पऱ्या, म्हणजे ओढा, साफ करायचा, गावकी घरटी एक माणूस बोलावते आणि माणसं येतात. न येणाऱ्याला दंड. हा सद्गुणच, नाकारू नकोस. पण त्याच बैठकीत एखाद्या घराशी बोलणं बंद करायचंही ठरतं. वाळीत टाकणं हा गुन्हा ठरवणारा वेगळा कायदा महाराष्ट्राला 2016 मध्ये करावा लागला. शिक्षा 3 वर्षांपर्यंत कैद, 1 लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. आंबेडकरांनी 4 नोव्हेंबर 1948 ला घटना समितीत खेड्यांवर एवढी कडक टीका का केली, ते इथे कळतं. त्याच भाषणात ते म्हणतात की संविधानिक नैतिकता माणसात उपजत नसते, ती जोपासावी लागते. म्हणजे पुन्हा गवंडीच.

नुसता ठराव किती लंगडा असतो ते महाडला बघ. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करणारा बोले ठराव 1923 चा, नगरपालिकेने चवदार तळं खुलं केलं 1924 मध्ये, आणि प्रत्यक्ष ओंजळ भरली गेली 20 मार्च 1927 ला. त्यानंतरही तळ्याच्या हक्काबद्दल कोर्टाचा निकाल यायला 1937 उजाडलं.

ग्रामसभेचं दुखणं वेगळं. कोरम, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, जे कमी असेल ते. 400 मतदारांच्या गावात 60 पुरतात. तेवढेही न जमल्यास सभा तहकूब, आणि तहकूब सभेला कोरमच लागत नाही! सगळी मेख इथे आहे. ज्याला विषय गुपचूप मंजूर करून घ्यायचाय, त्याला गर्दी नकोच असते. दुसरी खोड हजेरीच्या रजिस्टरची. सही आधी होते, मग मंडळी चहाच्या टपरीवर जातात, आणि मागच्या सभेचं प्रोसिडिंग, म्हणजे इतिवृत्त, वाचलं जातं तेव्हा समोर खुर्च्याच असतात. ‘ऐनवेळचे विषय’ शेवटी येतात, तेही नेमके तेव्हाच. उपाय साधा आणि कंटाळवाणा: शेवटच्या विषयापर्यंत बसायचं, ठराव मोठ्याने वाचायला लावायचा, सूचक-अनुमोदकाची नावं समोर लिहून घ्यायची. आणि आधी होणाऱ्या महिला सभेत काय ठरलं ते विचारायचं. नळपाणी योजनेतलं खरं गळतं कुठे आहे, ते तिथेच कळतं.

चाकरमानी शिमग्याला आणि गणपतीला हटकून येतो, ग्रामसभेला नाही. तूही त्यातलाच. 15 ऑगस्टची सभा गाठायची तर वेगळी रजा टाकावी लागेल. बघ जमतंय का.

तुझा,
अनंत