‘एवढ्यावरून सांगता येणार नाही’ म्हणणाऱ्या डॉक्टरांना

डॉक्टर,

माझी मांजर ठकी तुमच्या लक्षात असेलच. 13 वर्षांची, उपाशीपोटी आणलेली आणि पोटावरचे केस भादरल्याचा राग तुमच्या मनगटावर काढणारी. तिच्या वतीने आधी माफी, मग आभार.

चार महिने तिच्या उलट्या मी केसांच्या गोळ्यांच्या खात्यावर टाकत होते. खात होती, पण पाठीचे मणके हाताला लागायला लागले होते. त्यालाही माझ्याकडे उत्तर तयार होतं: वय झालं. तुम्ही वाद घातला नाहीत, फक्त जुन्या नोंदी काढल्यात. 4.6 किलोंवरून 3.7. थायरॉइड, मूत्रपिंड, साखर, सगळं ठीक निघाल्यावर सोनोग्राफी ठरली.

त्या अंधाऱ्या खोलीत तुम्ही पडदा माझ्याकडे वळवलात, त्याबद्दल हे पत्र आहे. आतड्याची भिंत म्हणजे कापडाच्या काठासारखे उजळ-गडद पट्टे, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. मांजरात ती भिंत साधारण अडीच मिलिमीटरच्या आत असते; ठकीची 3.4 होती. त्यातला स्नायूंचा गडद पट्टा, जो बारीक रेघेसारखा दिसायला हवा, तोच फुगला होता. पण पट्टे शाबूत होते. एकाच जागी ते पुसले जाऊन गाठ दिसली असती, तर कार्सिनोमा (आतड्याच्या अस्तराचा कॅन्सर) किंवा मोठ्या पेशींच्या लिम्फोमाचा (लसिकापेशींचा, म्हणजे एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींचा कॅन्सर) संशय बळावला असता, असं तुम्ही म्हणालात. थर शाबूत ठेवून भिंत जाड होते ती जुनाट सुजेने किंवा लहान पेशींच्या लिम्फोमाने, आणि पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात. शेजारची लसिकाग्रंथी थोडी मोठी होती, पण ती सुजेतही वाढते.

“मग कॅन्सर आहे की नाही?”

“एवढ्यावरून सांगता येणार नाही.”

खरं सांगते, घरी जाताना मी तुमच्यावर चरफडत होते. एवढं मशीन, एवढी तपासणी, आणि उत्तर हे! सुई घालून बघा, असाही हट्ट मी धरला होता. गाठ असती तर सुईचा उपयोग झाला असता; या लिम्फोमातल्या पेशी मात्र साध्या लसिकापेशींसारख्याच दिसतात, म्हणून तुकडाच काढावा लागेल, हे तुम्ही मला दोनदा समजावलंत. जाडी मधल्या आतड्यात, जिथे एंडोस्कोप, म्हणजे कॅमेऱ्याची नळी, पोचत नाही. म्हणून शस्त्रक्रिया करून पूर्ण जाडीची बायोप्सी. आणि तोवर स्टेरॉइड नको, नाहीतर निदान धूसर होईल. मी गोळ्या मागत होते, तुम्ही दिल्या नाहीत. तो नकार मला तेव्हा फार लागला.

रिपोर्टमध्ये लहान पेशींचा लिम्फोमाच निघाला. रडले. पण दुसऱ्या दिवशी तुम्ही फोनवर म्हणालात, की याच आजारात प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड आणि क्लोरॅम्ब्युसिल ही केमोची गोळी यांवर बरीच मांजरं दोन वर्षं किंवा त्याहून जास्त काढतात. मोठ्या पेशींच्या प्रकारात तसं म्हणता आलं नसतं. नुसत्या चित्रावरून तुम्ही ‘कॅन्सर’ म्हणून मोकळे झाला असता, तर मी कदाचित त्याच आठवड्यात तिला कायमचं झोपवायला घेऊन आले असते.

आता हातमोजे घालून गोळी देते, न फोडता. वजन 4.1 झालंय. उलटी महिन्यातून एखादी, आणि तिची नोंद वहीत.

पोटावरचे केस पूर्ण आले आहेत. पुढच्या सोनोग्राफीला ते पुन्हा जाणार, तेव्हा बाही लांब असू द्या.

तुमची,
ठकीची आई