फॉरमॅटला होकार देऊ नका

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर बाबांचा आवाज उतरलेला होता, म्हणून सगळं सविस्तर लिहिते. आधी एकच गोष्ट: तो काँप्युटर दुरुस्तीवाला पुन्हा आला तर त्याला फॉरमॅट मारू देऊ नका, म्हणजे हार्ड डिस्क पुसून विंडोज नव्याने टाकू देऊ नका.

बाबा, तुम्ही म्हणालात की दिवा लागतो, पंखा फिरतो, पण स्क्रीन काळीच राहते आणि आतून लांब बीप परत परत वाजतो. बटण दाबलं की काँप्युटर आधी प्रोसेसर, रॅम (चालू कामाची मेमरी), डिस्प्ले तपासतो. ते जमलं तरच हार्ड डिस्क वाचून विंडोज सुरू करतो. आपला तिथवर पोचतच नाहीये. स्क्रीनवर काही दाखवता येत नाही, म्हणून बीप देऊन सांगतोय. म्हणजे दोष विंडोजच्या आधीचा आहे. फॉरमॅटने तो जाणार नाही, पण आजीचे फोटो आणि तुमचे कलमांचे हिशेब मात्र जातील.

असा बीप बहुतेकदा रॅमचा असतो. चिपळूणच्या पावसात कपाटातल्या कपड्यांनाही ओल धरते, मग रॅमच्या पट्ट्यांवर थर बसणारच.

आई, हे काम तू कर. बॉबिन बसवायची सवय असलेले तुझे हात इथे हवेत, बाबांचा हात हल्ली थरथरतो. यूपीएस बंद करून मागची वायर काढ, मग पॉवरचं बटण थोडा वेळ दाबून धर, म्हणजे आत उरलेला बराचसा करंट निघून जाईल. समोरून पाहताना कॅबिनेटची डावी बाजू असते, तिचे मागचे स्क्रू काढून पत्रा मागे सरकव. आतल्या लोखंडाला एकदा हात लाव, मगच पुढे. मदरबोर्डवर, म्हणजे आतल्या मोठ्या सर्किटच्या पाटीवर, साधारण पाच इंच लांबीची एक पट्टी उभी खोचलेली दिसेल, ती रॅम. टोकाची खिट्टी बाहेर दाबलीस की ती वर येईल. कडेनेच धर. खालच्या सोनेरी दातांवर पांढरा खोडरबर हलक्या हाताने फिरव, कचरा मात्र मदरबोर्डवर पडू देऊ नकोस. परत बसवताना दातांमधली खाच खालच्या उंचवट्यावर यायला हवी. उलटी असेल तर बसणार नाही, जोर करू नकोस. दोन्ही टोकांवर अंगठे ठेवून सरळ दाब, खिट्टी टक्क करून लागेल. पट्ट्या दोन असतील तर एकेक लावून बघ.

वायर जिथे लागते तो चौकोनी डबा, एसएमपीएस, अजिबात उघडू नका. वायर काढल्यावरही त्यात करंट राहतो.

सुरू झाला की तारीख बघा. जुनी दाखवत असेल तर मदरबोर्डवरचा नाण्यासारखा सेल संपलाय. सीआर २०३२, ३ व्होल्ट, घड्याळाच्या दुकानात मिळतो. तारीख चुकली की बँकेची साइटही उघडत नाही.

आणि बाबा, काँप्युटर सुरू झाला की बाकी काही करण्याआधी फोटो आणि हिशेब पेनड्राइव्हवर घ्या. एवढं करूनही बीप थांबला नाही, तर नवीन रॅम मी इथून पाठवते. काँप्युटर टाकून द्यायची भाषा नको. शनिवारी दुपारी मी घरीच आहे. कॅबिनेट उघडलंत की व्हिडिओ कॉल लावा, आपण मिळूनच करू.

तुमची,
मनू