सुगरणीचा खोपा जूनमध्ये दाखवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दरवर्षी ५ ते १२ नोव्हेंबरदरम्यान आपल्या अंकात पक्षी सप्ताहाच्या बातम्या आणि फोटो येतात. ५ तारखेला वन्यजीव लेखक मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, १२ तारखेला पक्षीशास्त्रज्ञ डॉ. सालिम अलींचा, म्हणून राज्यात २०२० पासून हा आठवडा पाळला जातो. या दोघांविषयी माझ्या मनात अपार आदर आहे. तरीही एकवीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरीला शिकवल्यावर मला स्पष्ट सांगावंसं वाटतं, की लहान मुलांना पक्षी दाखवायला आपण पाच महिने उशीर करतो.

हा आठवडा अनेकदा दिवाळीच्या सुट्टीत सापडतो. मग सुट्टीच्या आधी किंवा नंतर एखाद्या दिवशी चित्रकला, घोषवाक्यं, गावातून फेरी असं उरकलं जातं. फोटो आणि अहवाल वर पाठवला की झालं. मीही अशा फेऱ्या काढल्या आहेत. पुठ्ठ्याच्या चिमण्या हातात घेऊन मुलं उन्हात चालली आणि वाटेत तारेवर बसलेल्या वेड्या राघूकडे एकाचंही लक्ष गेलं नाही. वर्गातल्या तक्त्यावर पेंग्विन होता, शहामृग होतं, वेडा राघू नव्हता.

शाळा भरते जूनच्या मध्यावर. नेमकी त्याच सुमारास, पहिला पाऊस झाला की, आमच्या शाळेमागच्या विहिरीवर सुगरण पक्षी येतात. विहिरीवर एक बाभूळ वाकली आहे. तिच्या पाण्यावर झुकलेल्या फांद्यांना खोपे लटकतात. खाली पाणी आणि भोवती काटे, त्यामुळे सापाला किंवा मांजराला तिथवर जाणं अवघड. हे मी मुलांना आधी सांगितलं नव्हतं. ‘इतकी झाडं सोडून इथेच का?’ एवढंच विचारलं. चार दिवसांनी दुसरीतली एक मुलगी म्हणाली, ‘बाई, मांजर पडंल ना पाण्यात!’

चार वर्षांपासून जून ते सप्टेंबर परिपाठ संपला की आम्ही दहा मिनिटं तिथे जातो. रोज तीच विहीर आणि तीच बाभूळ. दहा मिनिटांत काय दिसतं म्हणून विचाराल, तर सुगरणीचा नर उसाच्या पात्याला चोचीने चीर पाडतो आणि उडता उडता लांबच लांब पट्टी सोलून नेतो, हे मुलांनी कितीतरी वेळा पाहिलं. नुकताच विणलेला भाग हिरवा असतो, जुना वाळून तपकिरी पडतो. त्यामुळे काल कुठवर विणलं होतं आणि आज किती झालं, हे पहिलीतलं मूलही सांगतं. डोक्यावर पिवळी टोपी तो नर, चिमणीसारखी दिसते ती मादी, ही ओळखही त्यांनी स्वतःच पक्की केली.

नावामुळे आपण समजतो की विणते ती सुगरण, म्हणजे मादी. विणतो नर. खोपा हेल्मेटच्या आकाराचा झाला की तो हात राखतो, खाली लटकून पंख फडफडवतो आणि माद्यांना बोलावतो. मादी येते, आत शिरून बघते. पसंत पडलं तर तो पुढची लांब नळी विणून खोपा पुरा करतो. नाही तर अर्धवट खोपा तसाच राहतो आणि तो दुसरा विणायला घेतो. आमच्या बाभळीवर गेल्या पावसाळ्यात चौदा खोपे मोजले, त्यातले सहाच पुरे झाले. अर्धे खोपे बघून मुलांना वाईट वाटलं. एकाने विचारलं, ‘त्याला राग नाही येत?’ मी म्हटलं, ते मला कसं कळणार, पण उद्या तो काय करतो ते बघू. दुसऱ्या दिवशी तो नवीन पाती आणत होता. मुलं त्याच्याबद्दल घरी जाऊन काय काय बोलली असतील, पालक अजून मला सांगतात.

कोकिळेचंही असंच. ‘कोकिळा गाते’ हे वाक्य आपण मुलांकडून दहादा लिहून घेतो. कुहूकुहू करतो तो काळा नर. मादी ठिपक्यांची, तपकिरी, तिचा आवाज निराळा. ती कावळ्याच्या घरट्यात अंडं घालते, हे सांगताना आपण लगेच तिला लबाड आणि कावळ्याला मूर्ख ठरवतो. घुबडाला तर अशुभच. सहा वर्षांच्या मुलाला पक्षी चांगले आणि वाईट असे वाटून देऊ नयेत, असं माझं ठाम मत आहे. तो काय खातो, कुठे राहतो, पिल्लं कशी वाढवतो, एवढं बघू द्यावं.

एक प्रसंग सांगते. ‘चिमणी काय खाते?’ असं विचारलं की सगळा वर्ग एका सुरात ‘दाणे!’ म्हणतो. जुलैमध्ये व्हरांड्यातल्या मीटरच्या पेटीमागे चिमण्यांनी घरटं केलं होतं. मुलं खिचडीची ताटं घेऊन समोर बसत. चिमणा-चिमणी फेऱ्या मारत होते आणि दर फेरीला चोचीत अळी नाहीतर किडा. शितं समोर सांडलेली होती, ती पिल्लांना कोणी नेत नव्हतं. मी सांगितलं, चिमणी स्वतः दाणे खाते, पण लहान पिल्लांना वाढायला अळ्या-किडेच लागतात. आमचा तालुका द्राक्षांचा. एक मुलगा ताट खाली ठेवून म्हणाला, ‘बाई, आमच्या बागेत फवारा मारल्यावर अळीच राहात नाही.’ मला पटकन उत्तर सुचलं नाही. त्या दिवशी मी घरी जाऊन त्याचाच विचार करत बसले. कुठल्याही घोषवाक्याने त्या मुलाला हे शिकवता आलं नसतं.

डॉ. सालिम अलींची सुरुवातही एका प्रश्नानेच झाली होती. शाळकरी वयात त्यांनी छर्‍याच्या बंदुकीने एक चिमणी मारली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका दिसला. ती कोणती म्हणून विचारायला ते मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले. तिथले सचिव मिलार्ड यांनी त्या पोराला परत धाडलं नाही. पीतकंठी चिमणी म्हणून ओळख सांगितली आणि पेंढा भरलेल्या पक्ष्यांचा संग्रह उघडून दाखवला. मुलाच्या प्रश्नासाठी कपाट उघडणारं माणूस प्रत्येक शाळेत असावं, असं मला फार वाटतं.

हिवाळ्यात आम्ही नांदूर मध्यमेश्वरला जातोच. गोदावरी-कादवेच्या संगमावरचं हे पाणथळ राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाचं मानलेलं पाणथळ, आम्हाला त्याचा अभिमान आहे. तिथे मुलांच्या तोंडी एकच नाव बसलं, हळदी-कुंकू बदक. काळ्या चोचीच्या टोकाला पिवळं आणि मुळाशी लाल, दुर्बिणीतून दिसलं की मुली टाळ्या वाजवतात. पण सहल एका दिवसाची. बाभळीशी ओळख व्हायला मात्र पुरा पावसाळा मिळतो.

म्हणून शिक्षण विभागाला विनंती आहे, की पहिली-दुसरीसाठी पक्षी निरीक्षणाची रोजची दहा मिनिटं जूनपासूनच वेळापत्रकात ठेवावीत आणि त्याचे फोटो मागू नयेत. फोटोसाठी जवळ गेलं की पक्षी घरटं सोडतात. नोव्हेंबरचा सप्ताह असू द्यावा. तेव्हा पिल्लं उडून गेलेली असतात, खाली पडलेला खोपा वर्गात आणून उलगडता येतो. अंड्यांची खोली एका बाजूला आणि नळी दुसऱ्या बाजूला, म्हणून वाऱ्याने झोका बसला तरी अंडी खाली पडत नाहीत, हे बोट घालून कळतं.

आपल्यालाही एक विनंती. रविवारच्या पुरवणीत मुलांसाठी चौकोनभर जागा द्या आणि या आठवड्यात आपल्या गावात कोणता पक्षी काय करतो आहे, तेवढं छापा. मेमध्ये तांबट वाळक्या फांदीला भोक पाडत असेल, तर ते मेमध्येच यावं.

विहिरीचे मालक, ज्यांना मुलं आबा म्हणतात, त्यांनी मुलांच्या सांगण्यावरून बाभळीची छाटणी दिवाळीपर्यंत थांबवली आहे. पावसाळ्यात आपले वार्ताहर इकडे आले, तर मुलंच त्यांना सगळं दाखवतील. फक्त कठड्यापासून तीस फुटांवर फक्कीची रेघ आहे, तिच्या अलीकडेच उभं राहावं लागेल. हा नियम मुलांनी केला आहे आणि तो मलाही लागू आहे.

आपली,
एक प्राथमिक शिक्षिका,
ता. निफाड, जि. नाशिक